परतीच्या पावसात कळसूबाई: आईला घेऊन जावं का?

नीरजा_ठाणे | मंगळवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. आईचा (वय ६१) नवस आहे, नवरात्रात कळसूबाईला वर जाऊन ओटी भरायची. गेल्या वर्षी धाकट्या भावाचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा बोललेला. भाऊ आता ठणठणीत आहे आणि तोही येतोय. मावसबहीण धरून आम्ही चौघं, येत्या शनिवारी जायचं ठरतंय.

आई रोज तलावपाळीला तासभर फेऱ्या मारते, गुडघे बरे आहेत, बीपीची गोळी चालू आहे. मी पेब, राजमाची, हरिश्चंद्रगड असे ट्रेक केलेत, पण एकतर भर जुलैत नाहीतर डिसेंबर-जानेवारीत. हे मधलं हवामान मला कळतच नाही. काल ठाण्यात सकाळी चटके बसणारं ऊन, तीन वाजता एकदम अंधारून आलं, अर्धा तास धो धो कोसळला आणि परत लख्ख ऊन! शनिवारच्या अंदाजात "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस" लिहिलंय आणि यलो अलर्ट आहे. तुरळक म्हणजे जायला हरकत नाही असं धरायचं का? आणि त्या लोखंडी शिड्यांचं काय? आई अनवाणी चढायचं म्हणतेय तेही एक टेन्शन आहेच. कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

डोंगरयात्री | मंगळवार, रात्री ११.०२

आधी चढाईचा अंदाज देतो. शिखर १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच. बारी गावातून सुरुवात केली की साधारण साडेआठशे मीटर उभं चढायचंय. बिल्डिंगच्या भाषेत पावणेतीनशे-तीनशे मजले. वाट मळलेली आहे, चुकायचा प्रश्न फारसा येत नाही, अवघड टप्प्यांना शिड्या आणि रेलिंग आहे. तरुण पोरं अडीच-तीन तासात जातात, आईंना घेऊन चार तास धरा आणि उतरायला तीन. उतरण कमी लेखू नका, ओल्या दगडावर पाय घसरतो तो बहुतेक वेळा उतरतानाच, कारण तेव्हा मांड्या भरून आलेल्या असतात आणि घरी जायची घाई असते.

जुलैपेक्षा मी या दिवसांना जास्त घाबरतो. जुलैत माणूस पावसाच्या तयारीनेच जातो. आत्ता सकाळी ऊन बघून लोक जॅकेट गाडीत ठेवतात.

ढगवाला | मंगळवार, रात्री ११.४८

नीरजाताई, "तुरळक" या शब्दावर थोडं सविस्तर लिहितो कारण ९० टक्के लोक इथेच फसतात. हवामान खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या भागातल्या नोंद घेणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५० टक्के, "बऱ्याच ठिकाणी" ५१ ते ७५, आणि त्याच्या वर गेलं की जवळपास सगळीकडे. म्हणजे पाऊस किती ठिकाणी पडेल ते हा शब्द सांगतो, जिथे पडेल तिथे किती जोरात पडेल ते सांगत नाही. तुमच्या डोक्यावर जो ढग आला तो तुरळकमधलाच असतो, पण तुमच्यासाठी तो पूर्ण ढगफुटीसारखा वाटू शकतो.

आता जुलै आणि आत्ताचा फरक. जुलैत अरबी समुद्रावरून जोरदार पश्चिमेचा वारा येतो, घाटाला धडकतो, ढग खालचे आणि पसरट असतात, पाऊस दिवसदिवस लागून राहतो पण विजा कमी. सप्टेंबर संपत आला की हा वारा मंदावतो. वायव्य राजस्थानातून मोसमी पाऊस माघारी फिरायची सरासरी तारीख १७ सप्टेंबर आणि मुंबईतून ८ ऑक्टोबर, म्हणजे नवरात्र बरोबर या दोन्हींच्या मध्ये येतं बऱ्याचदा. जमीन पाण्याने भरलेली, आकाश सकाळी मोकळं, ऊन कडक, त्यामुळे जमिनीलगतची दमट हवा तापून वर सुटते आणि दुपारपर्यंत एकेक ढग दहा-बारा किलोमीटर उंच उभा राहतो. वीज याच ढगात तयार होते. सकाळी ६ ते १० या वेळात सहसा काही नसतं, दुपारी १ ते संध्याकाळी ७ हा धोक्याचा काळ, अर्थात कधीकधी अकरालाच सुरू होतं.

अजून एक. बारी हे गाव अकोले तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात येतं. पण हा जिल्हा बहुतांश पर्जन्यछायेत, त्याच्या अंदाजावर घाटाचं गणित बसत नाही. नाशिकच्या घाट परिसराचा वेगळा अंदाज असतो तो बघा. शुक्रवारी रात्री आणि शनिवारी पहाटे ताजा बघा, आजच्या अंदाजावर काही ठरवू नका. फोनमध्ये दामिनी ॲप टाका, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या घेऱ्यात वीज पडतेय का ते दाखवतं. रेंज मात्र वाटेत येते-जाते, त्यामुळे डोळे आणि कान हेच खरे.

गडवेडा_साताऱ्याचा | बुधवार, सकाळी ८.२०

एवढं काय घाबरायचं. नवरात्रात हजारो माणसं चढतात, म्हाताऱ्या बायका डोक्यावर फुलांची परडी घेऊन जातात. देवीच्या दारात काही होत नाही. रात्री २ ला चढायला सुरू करा, सूर्योदय वर बघा, ९ पर्यंत खाली.

प्रवराकाठ | बुधवार, सकाळी ९.०५

मी त्याच भागातला, बारीपासून थोड्या अंतरावर आमचं गाव आहे. लहानपणापासून नवरात्रात वर जातोय, आजी-आईबरोबर.

गडवेडा भाऊ, श्रद्धा आमचीही आहे. कळसू आमच्याच रानातली पोर असं आम्ही मानतो. गावात घरकामाला राहिली, पण भांडी घासणार नाही, केर काढणार नाही या अटीवर. एक दिवस तिला ते काम लावलं तेव्हा ती उठून डोंगरावर गेली ती गेलीच. भांडी जिथे घासली त्या जागेला आम्ही थाळेमेळ म्हणतो. आमच्या म्हाताऱ्या माणसांची भक्ती तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त, तरी ती माणसं आभाळ बघूनच डोंगर चढतात. माझी आजी पहाटे ओट्यावर येऊन आधी पूर्वेला बघायची. आकाश भरलेलं दिसलं की म्हणायची आज आई भेट देत नाही, उद्या जाऊ. दर्शन चुकलं असं तिला कधी वाटलं नाही.

आता मुद्द्याचं. जुलैत पाऊस इगतपुरीकडून येतो, चढताना तो समोरून दिसतो. या दिवसात आभाळ उलट्या बाजूने, अकोल्याकडून नाहीतर भंडारदऱ्याकडून भरतं, आणि बारीच्या वाटेने चढताना त्या दिशेला तुमची पाठ असते! पाहुणे शिखराकडे बघत चढत राहतात, वर निळं आकाश दिसतं, आणि मागे ढग अर्ध्यावर आलेला असतो. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबा आणि मागे वळून बघा. धरणाचं पाणी दिसतंय ना, त्याच्यावर पांढरा पडदा उतरलेला दिसला की समजायचं तिकडे लागला. आणि कापूस पिंजून ठेवल्यासारखा ढग सकाळी नऊ-दहालाच उंच चढायला लागला तर त्या दिवशी दुपार नाही निघायची.

हस्त लागतंय आता. हत्ती कधी सोंड फिरवेल सांगता येत नाही, आमचं हळवं (लवकर तयार होणारं) भात खाचरात पिकून उभं आहे, आम्हीपण रोज आकाशाकडेच बघतोय.

गडवेडा_साताऱ्याचा | बुधवार, सकाळी ९.४०

प्रवराकाठ दादा, पटलं. आजींची गोष्ट फार आवडली. रात्रीच्या चढाईबद्दल काय म्हणता?

प्रवराकाठ | बुधवार, सकाळी १०.१२

रात्री विजेचा धोका सहसा कमी होतो हे बरोबर. पण आदल्या संध्याकाळी पाऊस झाला असला तर दगड ओले, त्यात धुकं, बॅटरीचा उजेड धुक्यात पांढरा होऊन परत डोळ्यावर येतो आणि पुढची पायरी दिसत नाही. आईंना घेऊन मी नेणार नाही. शुक्रवारी रात्री बारीत मुक्काम करा, घराघरात जेवणा-झोपण्याची सोय होते, पिठलं-भाकरी गरम मिळेल. पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन निघा, सव्वासहा-साडेसहाला उजाडतंच. शनिवारी सकाळी ठाण्याहून निघालात तर बारीत पोचायला नऊ-साडेनऊ, तिथेच दिवस हरलात.

किरण_नगरी | बुधवार, दुपारी १.३०

शिड्यांबद्दल विचारलंय म्हणून लिहितो, मी हे फार कोणाला सांगितलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहाजण गेलो होतो, रविवार होता. निघायला उशीर झाला, साडेबाराला शेवटच्या शिडीच्या खाली पोचलो. वर आकाश निळं. शिडीवर दोन्ही बाजूची गर्दी, वरून उतरणारे थांबत नव्हते आणि खालून चढणारे सरकत नव्हते, आम्ही शिडीच्या मधोमध अडकलो. तेवढ्यात वारा एकदम थंड झाला, माती भिजल्याचा वास आला, आणि दोन मिनिटांत टपोरे थेंब सुरू झाले. शिडीच्या पायऱ्या शेकडो बुटांनी घासून गुळगुळीत झालेल्या, त्यावर बुटांचा लाल चिखल आणि वरून पाणी. माझ्या पुढच्या मुलाचा पाय सटकला तो त्याने हातांवर सावरला म्हणून वाचला. पण खरी भीती त्यानंतर वाटली. मी रेलिंगला धरलं होतं आणि हाताला मुंग्या यायला लागल्या, बारीक किणकिण आवाज येत होता, शेजारच्या मुलीचे सुटे केस वर उभे राहिलेले मी बघितले. कोणीतरी ओरडलं की लोखंड सोडा. पण शिडीवर लोखंड सोडून धरणार काय!

कसेबसे खाली आलो, एकमेकांपासून लांब लांब उकिडवे बसलो, पाय जुळवून. वीज शिखराच्या पलीकडे कुठेतरी पडली, तो आवाज कानाने नाही, छातीने ऐकला. वीस मिनिटात सगळं संपलं आणि ऊन पडलं. कोणाला काही झालं नाही. पण त्या दिवशी आमच्या ग्रुपमधल्या एकानेही, अगदी एकानेही, वरती चढताना "किती वाजता परत फिरायचं" हा प्रश्न विचारला नव्हता. मी लीडर होतो, चूक माझी होती.

ढगवाला | बुधवार, दुपारी २.१०

किरण, हे लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार. केस उभे राहणं, धातूची किणकिण, कातडीला मुंग्या, ही वीज पडण्याच्या अगदी आधीची खूण आहे, त्यानंतर हातात सेकंद असतात.

एक गोष्ट जोडतो. वीज थेट अंगावर पडून होणाऱ्या अपघातांपेक्षा जवळ पडून जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाने जास्त लोक सापडतात, म्हणून पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं झोपायचं नाही, आणि घोळका करायचा नाही, माणसांत पंधरा-वीस मीटर अंतर ठेवायचं, म्हणजे एकाला लागलं तरी बाकीचे मदतीला शिल्लक राहतात. एकट्या झाडाखाली नको, कपारीच्या तोंडाशी नको, टपरीच्या पत्र्याखालीही विजेपासून संरक्षण नाही. बंद काचांची गाडी चांगली, पक्कं घर सगळ्यात चांगलं. पण उकिडवं बसणं हा शेवटचा उपाय आहे, खरा उपाय म्हणजे त्या वेळी शिखरावर आणि शिडीवर नसणं.

अंतर मोजायची रीत सोपी आहे, चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनाने भागा, तेवढे किलोमीटर. ३० सेकंद किंवा कमी आले तर उतरायला लागा. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं वर जायचं नाव काढू नका.

सुलभामावशी | बुधवार, दुपारी ४.२५

नीरजा, मी ६७ वर्षांची, गेल्या वर्षी जाऊन आले. आईला सांग नऊवारी किंवा सुती साडी नको. सुती कापड एकदा भिजलं की दिवसभर वाळत नाही, जड होतं, पायात अडकतं आणि वर वारं लागलं की हाडं गोठतात. मी सलवार-कुर्ता घातला, तोही सिंथेटिक, साडी पिशवीत नेली होती आणि मंदिराजवळ नुसती अंगावर घेतली ओटी भरताना. देवीला चालतं गं.

अनवाणीचं म्हणशील तर मीही तसंच बोलले होते. आमच्या गुरुजींना विचारलं, ते म्हणाले शेवटचा टप्पा अनवाणी करा, भावना पोचते. ओल्या वाटेवर बारीक खडे रुततात, पाय बधिर झाला की दगड नीट कळत नाही आणि घसरायला तेवढंच पुरतं. चांगले पकडीचे बूट घाल म्हणावं. नवे कोरे नकोत, पंधरा दिवस वापरलेले.

ओटीचं सामान प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांध. माझे तांदूळ आणि कुंकू एक झालं होतं, खणाला सगळा लाल डाग.

औषधपाणी | बुधवार, संध्याकाळी ७.५०

डॉक्टर आहे म्हणून थोडं. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं, चढताना चक्कर येऊ शकते. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका, जायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि एकदा बीपी मोजून घ्या. ढगाळ हवेत तहान लागत नाही म्हणून माणसं पाणी पीतच नाहीत. दर अर्ध्या तासाला चार घोट, सोबत मीठ-साखर-लिंबू.

वर खालच्यापेक्षा पाच-सहा अंश थंड असतं, भिजलेल्या अंगाला वारा लागला की ते बरंच जास्त वाटतं. बोलणं अडखळायला लागलं, शर्टाची बटणं लावता येईनात, तर थकलेत म्हणून सोडून देऊ नका, अंग थंड पडतंय. ओले कपडे काढा, कोरडे घाला, गरम गोड चहा द्या, खाली उतरवा.

आणि देव करो वेळ न येवो, पण वीज लागलेल्या माणसाला हात लावायला घाबरायचं नाही, त्याच्या अंगात करंट राहत नाही. श्वास किंवा नाडी नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात, दुसऱ्याने १०८ ला फोन.

डोंगरयात्री | बुधवार, रात्री ९.१५

+१ सगळ्यांना. पोंचो (डोक्यातून घालायचा सैल रेनकोट) नेऊ नका, शिडीवर वाऱ्याने डोक्यावर येतो आणि पायाखालचं दिसत नाही. कमरेपर्यंतचं रेनकोट-जॅकेट बरं. छत्री अजिबात नको. सॅकच्या आत मोठी कचऱ्याची पिशवी लावून त्यात कपड्यांचा एक कोरडा जोड प्रत्येकाचा.

सगळ्यात महत्त्वाचं: परत फिरायची वेळ घरूनच ठरवा, घड्याळातली. वर गेल्यावर ठरवू म्हणालात की ठरत नाही, कारण वर शिखर दिसत असतं. आणि ठरवणारा माणूस एकच असू दे.

नीरजा_ठाणे | शुक्रवार, संध्याकाळी ५.४०

किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी, आईला सगळा धागा वाचून दाखवला. किरण यांचं वाचताना ती गप्प झाली, आणि प्रवराकाठ दादांच्या आजीचं वाचल्यावर म्हणाली, मग असंच करायचं.

ठरलेलं असं: आज रात्री बारीत मुक्काम. पहाटे साडेपाचला निघणार. साडेअकराला जिथे असू तिथून खाली. ३० सेकंदाच्या आत गडगडाट आला तर घड्याळ न बघता खाली. निर्णय आईचा, कारण नवस तिचा आहे आणि ती म्हणाली की मी थांबा म्हटलं तर तुम्ही ऐकाल, तुम्ही म्हटलं तर मला हुरहुर लागेल. डॉक्टरांना भेटलो, बीपी व्यवस्थित आहे. कसाऱ्याला पोचलो की जीप ठरवलीये.

ढगवाला | शुक्रवार, रात्री ८.३०

आत्ताचा अंदाज बघितला, नाशिक घाटाला उद्या दुपारनंतर विजांसह सरी. सकाळ ठीक दिसतेय. शुभेच्छा, आणि मागे वळून बघत राहा.

रानवाट | शनिवार, दुपारी १२.०५

काही खबर? इथे सिन्नरला आत्ता जोरात गडगडतंय.

प्रवराकाठ | शनिवार, दुपारी १२.३०

आमच्याकडे पण लागलाय. फोन नसेल लागत त्यांना. खाली असतील अशी आशा.

नीरजा_ठाणे | रविवार, सकाळी ११.२०

आम्ही सगळे सुखरूप आहोत, काल रात्री घरी पोचलो, फोन बंद पडले होते म्हणून आज लिहितेय. काळजी केलीत त्याबद्दल सगळ्यांचे आभार.

पावणेसहाला निघालो, पंधरा मिनिटं मावसबहिणीच्या बुटांच्या नाड्यांत गेली. उजाडलं तेव्हा गाव खाली होतं, खाचरांमध्ये भात पिवळं पडलेलं, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना सोनकी आणि तेरडा, आईने तेरड्याची दोन फुलं ओटीसाठी घेतली. वाटेतल्या खालच्या मंदिरात नमस्कार केला. पहिली शिडी साडेसातला. दगड रात्रीच्या दवाने ओले होते पण शिडी कोरडी होती, आईच्या मागे-पुढे भाऊ आणि मी असं चढलो, एका वेळी एकच माणूस हलायचा, हात आधी पाय नंतर. अनवाणी नव्हती. सुलभामावशी, तुमचं गुरुजींचं उत्तर तिला लगेच पटलं.

प्रवराकाठ दादा, तुम्ही सांगितलेलं मागे वळून बघणं हे आम्ही गजर लावून केलं, दर वीस मिनिटांनी. नऊला मागे सगळं स्वच्छ, धरणाचं पाणी चकाकत होतं. साडेनऊला धरणापलीकडे एक पांढरा ढग, मुठीएवढा. पावणेदहाला तो दुप्पट उंच आणि बूड काळं. समोर बघावं तर शिखर निळ्या आकाशात, कळस दिसतोय, माणसं दिसतायत, घंटा ऐकू येतेय.

दहा वाजून दहा मिनिटांनी विहिरीजवळ पोचलो. शेवटची शिडी तिथून दिसते. तिच्यावर रांग होती, खालपासून वरपर्यंत, रंगीबेरंगी. आई दगडावर बसली, पाणी प्यायली, ओटीची पिशवी मांडीवर घेतली. आम्हाला वाटलं दहा मिनिटं दम खाऊन जाऊ. तेवढ्यात धरणाच्या बाजूला चमकलं. उन्हात नीट दिसलंही नाही, ढगाच्या पोटात फक्त गुलाबी झाल्यासारखं. भाऊ मोठ्याने मोजायला लागला. सत्तावीसला आवाज आला, एकदम बारीक, कोणी लांब पिंप ढकलल्यासारखा. आजूबाजूच्या कोणाचंही लक्ष नव्हतं.

मी आईकडे बघितलं. खरं सांगते, माझ्या मनात आलं होतं की अर्धा तास लागेल, जाऊन येऊ. नऊ किलोमीटर आहे अजून. भाऊही शिडीकडेच बघत होता, त्याच्यासाठीच तर नवस होता. आई उठली, बूट काढले, त्या ओल्या कातळावर अनवाणी उभी राहून शिखराकडे तोंड करून हात जोडले. ओठ हलत होते, काय म्हणाली ते आम्ही विचारलं नाही. मग बूट घातले आणि म्हणाली, "चला. आज भेट देत नाही."

उतरताना दुसरा आवाज एकोणीस सेकंदांवर आला. वर येणाऱ्यांना आम्ही सांगत होतो, काही थांबले, एक ग्रुप आमच्याबरोबर फिरला, बरेचजण हो हो म्हणून पुढे गेले. लहान मुलांना घेऊन जाणारं एक कुटुंब होतं, त्यांच्याशी आई स्वतः बोलली, ते परत फिरले. शिड्या उतरताना पाऊस नव्हता हेच आमचं नशीब. शेवटची... म्हणजे खालून पहिली शिडी संपली आणि पाचच मिनिटांत वारा थंड झाला, किरण यांनी लिहिलंय अगदी तसाच वास आला. झाडीत शिरलो तेव्हा कोसळायला लागला. पाऊण तास सलग. वाटेचा ओढा झाला, लाल पाणी घोट्याएवढं. आम्ही अंतर ठेवून हळूहळू उतरत राहिलो. वर शिखर दिसत नव्हतं, ढगात होतं, आणि तिथून लागोपाठ कडकडाट येत होते. आई दर आवाजाला थांबायची आणि वर असलेल्यांसाठी हात जोडायची. खाली आल्यावर टपरीवर विचारलं, सगळे भिजून, घाबरून पण धड उतरत होते, कोणाला इजा झाली नाही असं तिथल्या मुलांनी सांगितलं तेव्हा आईने चहा घेतला.

पाऊस थांबल्यावर ओटी खालच्या मंदिरात भरली. दोन पिशव्यांमुळे खण कोरडा राहिला, तेरडा मात्र चुरगळला होता, तोच वाहिला. नारळ भावाने फोडला, अर्धा भाग टपरीवाल्या मावशींच्या घरी दिला.

किरण_नगरी | रविवार, दुपारी १२.०५

विहिरीपासून परत फिरलात. मला त्या जागेवरून शिडी किती जवळ दिसते ते माहितीये. काकूंना माझा नमस्कार सांगा.

सुलभामावशी | रविवार, दुपारी १२.४०

वाचताना डोळे भरून आले गं. आईचे पाय कोमट पाण्यात मीठ टाकून शेक आज.

ढगवाला | रविवार, दुपारी १.१५

पहिल्या गडगडाटापासून तुमच्याकडे पाऊस पोचायला किती वेळ लागला साधारण?

नीरजा_ठाणे | रविवार, दुपारी १.५०

१०.१५ ला पहिला आवाज, पाऊस साधारण ११.५० ला लागला आमच्या अंगावर. वर शिखरावर त्याआधीच लागला असणार, कारण सव्वाअकरालाच ढग टेकला होता. गेलो असतो तर रांग धरून साधारण तेव्हाच शिडीवर असतो. हे काल रात्री हिशोब केला तेव्हा कळलं.

प्रवराकाठ दादा, नवस राहिलाय असं आई म्हणत नाही, पण वर जायचंच म्हणते. डिसेंबरमधला एखादा शनिवार बघतोय. बारीत शुक्रवारी मुक्कामाला जागा मिळेल ना? आणि तुमचं भात कसं आहे?

प्रवराकाठ | रविवार, संध्याकाळी ६.३०

जागा मिळेल, मी सांगून ठेवतो. थंडी असेल, शाल आणा काकूंना. भात कालच्या सरीने दोन खाचरांत आडवं झालंय, बाकी उभं आहे, उद्या उघडीप दिली तर कापायला घेतो. नवीन तांदूळ होईल तोवर, ओटीला घरचेच देऊ.